हलकं म्हणजे कुठलं हलकं?

“इन्सिजनल हर्निया. परत झालाय,” सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवत डॉक्टर म्हणाले. म्हणजे जुन्या ऑपरेशनच्या जागी पोटाची भिंत सैल पडते आणि आतडं तिथून बाहेर डोकावतं. माझी एकदा दुरुस्ती झाली होती, ती उसवली. आता आत मेश, म्हणजे जाळी, बसवायची. “या वेळी टाके सांभाळा, मॅडम. तिसऱ्यांदा अवघड असतं.”

एप्रिलचा शेवट होता. मी सीमाभागातल्या वडगावात राहते, मराठी शाळेत शिकवते. शाळा उघडेल त्या दिवशी वर्गात उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मला वाचताना पाहिलं. दिवाळी अंकांचा, एकत्र बाइंडिंग केलेला जाडजूड खंड होता, नेहमीच्या सवयीनं पोटावर टेकवलेला. “हे नको. हलकं पुस्तक वाचा,” ते म्हणाले. कानडी माणूस, मराठी मोजकी. अंकांत सगळे वैचारिक लेख होते. उन्हाळ्यात, त्यातून आजारपणात, काहीतरी हलकंफुलकं वाचावं हे मलाही पटलं.

घरी आल्यावर माझी थोरली बहीण, आक्का, खानापूरहून सोबतीला आली. दाजी गेल्यापासून तीन वर्षं ती कुठंच गेली नव्हती. तिला मी भर उन्हात कॅम्पातल्या वाचनालयात पिटाळलं. तिनं विनोदी कथांची चार पुस्तकं आणली.

दुसऱ्याच पानावर हसू फुटलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. खोकताना पोटावर उशी दाबायची, असं नर्सनं शिकवलं होतं. मी उशी दाबून वाचू लागले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर वाचायलाच हवं ना! शेजारी यंत्रमागांची खडखड. लाइट गेली की मागही बंद आणि पंखाही बंद. मी घामानं निथळत, कण्हत, औषध घ्यावं तशी रोज वीस पानं हसत होते. वैतागून प्रवासवर्णन मागवलं, तर लेखक पहिल्याच मुक्कामी न्हाणीघरात अडकला. मग एक रडकी कादंबरी आणवली. तिच्यातली नायिका इतक्यांदा मूर्च्छित पडली की सगळ्यात जास्त मी तिथंच हसले.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी टाक्यांजवळ टरटरून फुगलं. मी आधी रडले, मग काही कारण नसताना आक्कावर ओरडले. तिनं रिक्षा बोलावली. दवाखान्यात बाकावर दीड तास बसलो. ‘तिसऱ्यांदा अवघड असतं’ हेच डोक्यात घोळत होतं.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं. “सिरोमा. जखमेत पाणी साचतं, आपोआप जिरेल. जाळी नीट आहे. काय उचललं होतं?”

“काही नाही हो! तुम्ही सांगितलेली हलकी पुस्तकं वाचतेय. हसून हसून जीव जायची वेळ आलीय.”

“हसायला कोण सांगितलं? हलकं म्हणजे हगुर! वजनाला! ते दगडासारखं पुस्तक पोटावर ठेवू नका म्हटलं मी.”

पंचवीस वर्षं मराठी शिकवतेय मी. कानडीही चांगली येते. तिथल्या तिथं विचारायला काय झालं होतं मला? म्हणून सांगते, तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांचा साधा शब्दही पुन्हा विचारून घ्या. पुढं शाळेला मी पहिल्या दिवसापासून गेले, हेही सांगून टाकते.

घरी येताच आक्कानं सगळी पुस्तकं जप्त केली. “टाकं निघूस्तवर हात लावायचा न्हाय. लई झालं तुझं वाचन,” म्हणत ती बाहेरच्या सोप्यात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोप्यातून हुंदक्यांसारखा आवाज आला. वाटलं, आक्का रडतेय. तिचं ते रोजचंच होतं. उशी दाबत उठून पाहिलं, तर चष्मा कपाळावर सारून ती डोळे पुसत होती, आणि मांडीवर न्हाणीघरात अडकलेल्याचं पुस्तक. तीन वर्षांत तिला हसताना पाहिलंच नव्हतं. मग मलाही हसू आवरेना.

“आक्का, गप की गं! टाकं तुटत्यात माझं!”

“मग कान झाक,” ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.