गोधडीतला पेशंट

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास देवळाली प्रवऱ्याकडच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. पेशंट आणायला जीप होती, मागे स्ट्रेचर टाकलेली. तिच्या दाराला आतून मी यादी डकवली होती: नाव विचारा, कुठं दुखतं विचारा, नाडी मोजा, आडवं झोपवा, निघा. मोठ्या माणसांना ती बरोबर लागू पडायची.

एका दुपारी ऊसतोडकऱ्यांच्या कोप्यांवरून, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवरून, बोलावणं आलं. आठ महिन्यांचं पोर, दोन दिवसांचा ताप. आईच्या मांडीवर, नाकापर्यंत गोधडीत गुंडाळलेलं. मी सवयीनं विचारलं, "कुठं दुखतंय?"

पोराची आजी म्हणाली, "बाई, त्याला सांगता आलं आस्तं तर तुमाला कशाला बोलावलं आस्तं?"

आमच्या ड्रायव्हरमामांनी तोंड फिरवून हसून घेतलं. छाती बघायची म्हणून मी गोधडी उघडायला सांगितलं, तर आजी आडवी आली. परक्यासमोर आजारी लेकरू उघडं केलं की नजर लागते, असं तिचं म्हणणं; त्यात मी चष्मेवाली. मी पुष्कळ समजावलं. पण पोराला नगरच्या दवाखान्यात हलवायचं की औषध देऊन निघायचं, हे मला छाती पाहिल्याशिवाय ठरवता येईना.

मामांना स्वतःची पाच लेकरं. ते म्हणाले, "आदी आईला अंगावर पाजू द्या. आन् तुमी जरा लांब बसा."

लांब बसणं माझ्या यादीत नव्हतं. बसले. पोरानं दोन घोट घेतले, सोडलं, धाप टाकली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यानं तोंडच लावलं नाही. मी काही बोलायच्या आत आजीनंच गोधडी उलगडली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"चला," ती म्हणाली. नजरेचं नाव काढलं नाही.

मी स्ट्रेचरकडे बोट दाखवलं. मामा म्हणाले, आईपासून काढलं तर आहे तो दमही रडण्यात जाईल. मग पोर आईच्या खांद्याशी उभं धरलेलं, आणि स्ट्रेचरवर पिशवी-तांब्यासकट आजी. नगर येईस्तोवर मी फक्त त्याचा श्वास मोजत होते.

दहा-बारा दिवसांनी आजी त्याला दाखवायला घेऊन आली, नुसत्या झबल्यात. मला बघताच त्यानं असा गळा काढला की रांगेतली माणसं वळून बघू लागली. आजी ओशाळली, त्याला गप्प करू लागली. मी म्हटलं, रडू द्या. एवढा दम आहे म्हणजे तपासून झालं, न्या घरी.