शुक्रवारच्या चपला

बातमी आली तेव्हा मी मस्कतमध्ये, रुवी भागातल्या माझ्या ऑफिसात होते. मेजरसर गेले. अल् घुब्रा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, सकाळी बूट चढवता चढवता... महिना उलटून गेला, पण मला रडू येत नाही. राग येतो.

मेजरसर आमच्याच गावचे, पण देशमुखांच्या घरातले. फौजेतून निवृत्त होऊन इथे एका कंपनीत सिक्युरिटी प्रमुख झाले होते. त्यांच्या घरावरून जाताना माझे आजोबा चपला हातात घ्यायचे. इथे मस्कतला दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या घरी खिडक्या लावून, हळू आवाजात बुद्धवंदना होते. तिथे ते पहिल्यांदा आले, तेव्हा टोचावं म्हणूनच मी त्यांना आजोबांच्या चपलांचं ऐकवलं. "माहीत आहे," ते म्हणाले. "मी ओट्यावर बसून हसायचो." वंदना संपल्यावर पाहते तर दाराबाहेर सगळ्यांच्या चपला जोडीने, तोंडं जिन्याकडे करून, सरळ रांगेत. त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही. "सर, हे शोभत नाही," असं माझ्या नवऱ्याने म्हणून पाहिलं. "मला शोभतं. तुम्ही अगरबत्ती बघा."

पुढे त्यांनी दीक्षा घेतली आणि घराने त्यांचं नाव टाकलं. इथे भन्ते, म्हणजे भिक्खू नाहीत, म्हणून वंदना तेच घ्यायला लागले. दर सुट्टीत गावी जाऊन काही दिवसांपुरते श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, व्हायचे आणि मुंडण केलेलं डोकं घेऊन मस्कतला परतायचे. त्यांचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, कौतुकाने विचारायचा, मक्केला उमरा करून आलास का? आपल्या वाटणीच्या जमिनीवर त्यांनी गावात विहार बांधायला काढला. पाया खणायच्या दिवशी भाऊबंद काठ्या घेऊन आले, तर मेजरसर भिक्खूचं चीवर घालून एकटे समोर उभे. "ज्याला पुढे यायचंय, त्याने आधी माझ्या डोळ्यांत बघावं." कुणी आलं नाही. चीवरात असं दटावतात का, असं मी नंतर विचारलं. "हात नाही उचलला," ते ओशाळून म्हणाले. "आवाज मात्र फौजेचाच निघाला..."

माझ्या अस्थी विहारातल्या बोधिवृक्षाखाली ठेवा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. भावांनी देह गावी नेला आणि अस्थी नदीत सोडून मोकळे झाले. त्यांनी फोटो मागितला, तेव्हा आमच्या कांबळेकाकांनी भाबडेपणाने आमच्या हॉलमध्ये काढलेला चीवरातला पाठवला. गावच्या चौकात फ्लेक्स लागला. मुंडण केलेल्या डोक्यावर फेटा चिकटवलेला, ओठावर मिशी, चीवराच्या जागी शेरवानी, हातात तलवार. खाली 'सरदार घराण्याचा ढाण्या वाघ'. विहाराचा उल्लेख नाही. खांद्यामागे आमचा निळा पडदा तेवढा पुसायचा राहिला होता. निर्लज्जपणा तरी नीट करावा. आणि आमच्यातलेच काहीजण म्हणतात, "जाऊ द्या ना ताई, शेवटी त्यांचंच रक्त ते." मेलेल्या माणसाला असं परत ओढून नेतात, आणि आपण मान डोलावतो.

मेजरसरांच्या भावाचा फोन आला. फ्लॅटमधली वर्दी, मेडल्स पॅक करून पाठवा म्हणाला. "त्यांच्या चपला?" मी विचारलं. "त्या कशाला? फेकून द्या."

गेल्या शुक्रवारी वंदनेला सगळे आले. दाराबाहेर चपलांचा नुसता ढीग. मी खाली बसले आणि एकेक जोडी लावली, तोंडं जिन्याकडे. त्यांची जोडी सगळ्यात पुढे ठेवली. निघताना कांबळेकाका घुटमळले. "ताई, या कुणाच्या राहिल्या?"

"आपल्या माणसाच्या," मी म्हटलं. "राहू देत."