शेवटून पहिला क्लब

जूनमधल्या पालकसभेत एका गृहस्थांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, फ्रान्समध्ये किती वर्षं काढलीत तुम्ही?"

मी म्हटलं, एक दिवससुद्धा नाही.

गृहस्थ मूळचे पुण्याचे, राहायला शारजात आमच्याच अल नहदा भागात, मंडळाच्या गणपतीत आरतीला पहिल्या रांगेत. त्यांची मुलगी शारजातल्या आमच्या भारतीय शाळेत आठवीला, माझ्याकडे फ्रेंच शिकत होती. माझं उत्तर ऐकून ते रागावले नाहीत. भाजीत मीठ कमी पडल्यावर हलवतात तशी मान त्यांनी हलवली आणि घरी जाऊन शाळेला ईमेल लिहिला.

दुसऱ्या आठवड्यात प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. बाई केरळच्या, स्वभावाने चांगल्या, पण पालकांच्या ईमेलला परीक्षेच्या निकालाइतक्या घाबरतात. म्हणाल्या, "मॅम, पेरेंट्स को ऑथेंटिक चाहिए. व्हॉट टू डू?" सप्टेंबरपासून एक नवीन शिक्षिका येणार होती. वय अठ्ठावीस, पॅरिसमध्ये दोन वर्षं राहून आलेली. नववी-दहावी कुणाकडे द्यायची ते एप्रिलच्या ओरिएंटेशननंतर ठरवू, असं त्यांचं म्हणणं. नववी-दहावी एकोणीस वर्षं माझ्याकडे होती. ती गेली की आठवीही तिच्यामागून जाणार आणि माझ्या वाट्याला पाचवी राहणार, म्हणजे एक ते वीस आकडे आणि रंगांची नावं. निवृत्तीपर्यंत मी लाल, निळा, पिवळा म्हणत बसायचं.

मला प्रचंड राग आला. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण गृहस्थांनी बोट ठेवलं ते दुखऱ्या जागीच. मी फ्रेंच वाचते उत्तम, लिहिते त्याहून उत्तम. पण खरा फ्रेंच माणूस भरभर बोलायला लागला की निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. पुण्यात शिकताना आमचा एकुलता एक टेपरेकॉर्डर असायचा आणि त्यातली माणसं फार सावकाश, समजूतदारपणे पाव विकत घ्यायची.

त्या ऑगस्टमध्ये लेकीच्या इंटर्नशिपमुळे आम्ही भारतात गेलो नाही. बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, तेव्हा एसीखाली बसून मी कान तयार करायला घेतला. फ्रेंच बातम्या ऐकल्या. त्या फारच स्वच्छ वाचतात, उपयोग नाही. मग सापडला एका छोट्या बंदराच्या गावाचा रेडिओ. गावाचं नाव घेत नाही, घेतलं तरी तुम्हाला ठाऊक नसणार. तिथल्या क्लबचे सामने हा रेडिओ शब्दाशब्दाने सांगतो. क्लब व्यावसायिक, पण दुसऱ्या श्रेणीतला, आणि तिथेही कुणाच्या खिजगणतीत नसलेला. समालोचक एक म्हातारा. वाक्य सुरू करायचा एका खेळाडूवर आणि संपवायचा तिसऱ्यावर. पहिल्या शनिवारी मला स्कोअरसुद्धा कळला नाही. नंतर इंटरनेटवर पाहिला, तर आम्ही तीन-शून्यने हरलो होतो.

'आम्ही' हा शब्द मी त्याच दिवशी वापरला म्हणून नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. तो दुबईत, जबल अलीच्या बंदरावर इंजिनीअर आहे, आणि त्याच्या मते माणसाने फक्त जिंकणाऱ्या गोष्टींमध्ये जीव गुंतवावा. "अगं, सपोर्टच करायचा तर राजधानीवाल्यांना कर. इथे प्रत्येक मॉलमध्ये जर्सी मिळते त्यांची." लेकीने फोनमधून डोकं न काढता सांगितलं, "आई, लिटरली नोबडी सपोर्ट्स देम."

मग तर करणारच, मी म्हटलं.

तो सीझन सांगण्यासारखा नाही, म्हणूनच सांगते. पहिले पाच सामने हरलो. सहावा बरोबरीत सुटला तेव्हा म्हातारा समालोचक वर्ल्ड कप जिंकल्यासारखा ओरडला. ऑक्टोबरच्या शेवटी फ्रान्समध्ये घड्याळं तासभर मागे जातात. चारला लागणारा सामना आमच्याकडे पाचला लागायला लागला. मी मात्र चारलाच रेडिओ लावून कांद्याच्या लागवडीवरचा तासाभराचा कार्यक्रम ऐकला. वाया नाही गेला, खतांचे शब्द पाठ झाले. नोव्हेंबरात प्रशिक्षकाला काढलं. डिसेंबरात गोलकीपरचा खांदा निखळला आणि त्याच्या जागी आलेला राखीव गोलकीपर चेंडूला जावयासारखा मान द्यायचा, अडवायचाच नाही. जानेवारीत अठरा क्लबांच्या यादीत आम्ही अठरावे होतो. शेवटचे दोन खालच्या श्रेणीत जातात.

पण दर शनिवारी पाचला मी वही घेऊन बसत होते. आधी वाक्यातले चार शब्द कळायचे, मग सहा, मग अख्खं वाक्य. गावातल्या कोळ्यांच्या म्हणी म्हातारा सर्रास वापरायचा, त्याही कळायला लागल्या. फेब्रुवारीतल्या एका सामन्यात त्याने विनोद केला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं की तो मला कळला. डोळ्यांत पाणी आलं. एका तळाच्या क्लबने, हरता हरता, मला ती भाषा कानाने दिली होती. ती मी आता कुणालाही हिरावून घेऊ देणार नव्हते.

आठवीच्या वर्गातही क्लब येऊन पोचला. आठवड्याच्या शेवटच्या तासाला मुलं भाकीत लिहायची, सुट्टीनंतर सामन्याचा वृत्तान्त लिहायची. पराभव किती तऱ्हांनी सांगता येतो हे त्यांना माझ्याइतकंच पाठ झालं. नवीन शिक्षिकेशी माझं काही वाकडं नव्हतं. गोड मुलगी, उच्चार लोण्यासारखे. तिचा राग करावा असं काहीच सापडेना, याचाच मला थोडा राग यायचा.

एप्रिलचं ओरिएंटेशन शनिवारी होतं. नववीत कुठली भाषा घ्यायची ते पालक त्या दिवशी ठरवतात, आणि दोन्ही शिक्षिकांनी पंधरा-पंधरा मिनिटं बोलून दाखवायचं होतं. मी प्रिन्सिपल मॅडमना सांगितलं की मी स्लाइड्स दाखवणार नाही. पाच वाजता आमच्या क्लबचा सामना सुरू होतो, तो रेडिओवर लावीन आणि ऐकता ऐकता पालकांना सांगत जाईन. मॅडम म्हणाल्या, रिस्की है. मी म्हटलं, आहेच. तयारी मात्र चोख केली. दोन्ही संघांची यादी, मैदानाची, वाऱ्याची, नाणेफेकीची शब्दावली, सगळं छापून साठ प्रती काढल्या. सुरुवातीची पंधरा मिनिटं खेळ संथ असतो, तेवढी निभावली की झालं, असा हिशेब होता.

नव्या शिक्षिकेने पॅरिस दाखवलं. सुंदर दाखवलं. नदी, पूल, पावाची दुकानं, स्वतःचा तिथला फोटो. ती बसली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी रेडिओ लावला आणि स्पीकरमधून म्हाताऱ्याचा बसलेल्या घशाचा आवाज आला. दहाव्या मिनिटाला त्याचा घसा कधीच बसत नाही. पुढच्याच वाक्यात तो दुसऱ्या हाफबद्दल बोलला.

हातातल्या साठ प्रती तशाच राहिल्या. मार्चचा शेवटचा रविवार सहा दिवसांपूर्वीच होऊन गेला होता. त्या दिवशी फ्रान्समध्ये घड्याळं तासभर पुढे करतात आणि आमच्याकडे कुणी काट्याला हात लावत नाही. आमच्या फ्रेंचच्या पुस्तकात हा चौथा धडा. मी तो दरवर्षी शिकवते, त्यावर पाच मार्कांचा प्रश्नही काढते. हिवाळाभर पाचची सवय झालेली बाई तो धडा स्वतःच विसरली होती.

दुसऱ्या रांगेतून आमचे पुणेकर फोनवरून नजर काढत म्हणाले, "वहिनी, सेकंड हाफ चालू आहे. दोन-शून्यने मागे आहात."

हॉलमध्ये हसू पसरलं. मॅडमनी लांबूनच हाताने खूण केली की राहू द्या, बंद करा. बंद करता आलं असतं. छापलेले कागद वाटून, दोन शब्द बोलून खाली बसता आलं असतं, आणि मग सोमवारपासून लाल, निळा, पिवळा. माझ्या कानशिलांवर रक्त चढलं. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा राग मोठा होता.

मी माईक हातात घेऊन सांगितलं की वेळेची चूक माझी आहे, मी तयार केलेलं आता काहीही उपयोगाचं नाही, आणि इथून पुढे जे ऐकू येईल ते मीही तुमच्यासारखंच पहिल्यांदा ऐकणार आहे. मग आवाज वाढवला.

नंतरची पस्तीस मिनिटं मी कशी बोलले ते मला नीट आठवत नाही. म्हातारा फ्रेंचमध्ये, मी अर्धं इंग्लिश, अर्धं हिंदी, मध्येच मराठी. डावीकडून पास, अडवला, परत आपल्याकडे, अरे मार ना, बाहेर. पंधरा मिनिटं संपल्याची खूण मॅडमनी केली, ती मला दिसली, आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली. सत्तराव्या मिनिटाला आम्ही एक गोल केला. म्हातारा किंचाळला आणि एक वाक्य असं बोलला की समोरच्या रांगेतल्या एका आईने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, हे नाही कळलं मला. कुणी हसलं नाही.

थोड्या वेळाने राखीव गोलकीपरने घोळ घातला, कसाबसा वाचला, आणि म्हाताऱ्याने कोळ्यांची एक म्हण वापरली. पुणेकरांनी संधी साधली. मला सोडून ते नव्या शिक्षिकेकडे वळले आणि त्याचा अर्थ विचारला. ती मुलगी सरळ म्हणाली, "सर, आय हॅव नेव्हर हर्ड धिस. मॅम, तुम्ही सांगा ना."

मी सांगितलं. जाळं सुकण्याआधीच पुन्हा समुद्रात टाकलंय, असं तो म्हणाला. म्हणजे घाई केली, आता फाटलं तर रडू नका. सप्टेंबरपासून त्या गोलकीपरबद्दल आणि त्याच्या आधीच्याबद्दल त्याने ते निदान वीस वेळा म्हटलेलं होतं. मला ते पॅरिसमध्ये ऐकायला मिळालं नसतं.

आम्ही दोन-एकने हरलो. शिट्टी वाजल्यावर हॉलमधली मुलं टाळ्या वाजवत होती. मागच्या बाकांवर माझे आठवीचे होते, भाकीत चुकलेले. मॅडम पालकांकडून पसंतीचे फॉर्म गोळा करत होत्या. घरी जाताना गाडीत नवऱ्याने विचारलं, खलास? मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि आत्ता विचारूही नकोस.

मे महिन्यात क्लब खाली गेला. शेवटचा सामना जिंकून खाली गेला, कारण ज्यांनी हरायला हवं होतं तेही जिंकले. म्हातारा शांतपणे म्हणाला, तिसऱ्या श्रेणीतही आपण बोलत राहू. नवऱ्याने त्या दिवशी चिडवलं नाही, शेजारी येऊन बसला. लेक म्हणाली, "सो, न्यू क्लब?" मी म्हटलं, नाही. तिने खांदे उडवले, पण ऑगस्टमधला पहिला सामना कधी आहे ते तिनेच शोधून माझ्या फोनमध्ये टाकलं. दोन्ही देशांच्या वेळा लिहून.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा बोलावलं. नववी-दहावी माझ्याकडेच राहणार होती. पालकांच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे सर्वांत जास्त खुणा होत्या आणि त्यात पुणेकरांचीही होती, असं त्यांनी हसत सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, वेबसाइटवर शिक्षकांची माहिती नव्याने टाकतोय. नव्या मॅडमच्या फोटोखाली पॅरिस लिहिलंय, तुमची जागा रिकामी दिसते. 'फ्रेंच ट्रेन्ड' एवढंच लिहू का? लोक समजतील, तिकडेच शिकलात. खोटं तसं काही नाही त्यात, इन्शाल्ला कधीतरी जालच तुम्ही.

मी त्यांच्याकडून कीबोर्ड मागून घेतला. आता शाळेच्या पानावर माझ्या फोटोखाली मी स्वतः टाइप केलेली एक ओळ आहे: फ्रान्स पाहिलेलं नाही. नववी आणि दहावी शिकवते.