आण्णांच्या गाडीचा चासी नंबर

गाडीखाली जाणारी बाई म्हणून कोल्हापुरात माझी थोडीफार चेष्टा व्हायची. तिचा मला कधी राग आला नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो अजून गेलेला नाही.

शाहूपुरीत वडिलांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथंच बसायला लागले. जुन्या परदेशी गाडीचं गिऱ्हाईक आलं की वडील मला पुढं करायचे, कारण अशा गाड्यांचा पार्ट नुसत्या नावावर मिळत नाही. आधी चासी नंबर लागतो, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर कारखान्यात ठोकलेला नंबर. तो वाचता आला की गाडी कुठल्या मालिकेतली, कुणाच्या आगेमागे बनलेली, स्टिअरिंग उजवीकडचं की डावीकडचं, सगळं कळतं. मला ते वाचायचा नाद लागला.

एकदा कुरुंदवाडचे एक शेतकरी दुकानात आले. धोतर, टोपी आणि हातात फडक्यात गुंडाळलेला ब्रेकचा एक भाग. गावात त्यांना सगळे आण्णाच म्हणत. सीमेपलीकडच्या एका छोट्या संस्थानिकाच्या चीजवस्तू विकल्या गेल्या तेव्हा त्यांनी तरुणपणी ही इंग्रजी गाडी घेतली होती.

"चासी नंबर आणलाय का?" मी विचारलं.

"नंबर पाटीवर हाय की मागं."

"तो नव्हे आण्णा. पोटातला."

"आता पोटात कोण बघायला गेलंय?" ते म्हणाले. "तूच ये की आक्का."

मी गेले. शेडमध्ये कडब्याशेजारी ती लांबलचक काळी गाडी उभी होती. गावातल्या निम्म्या नवरदेवांची वरात तिच्यातून निघालेली, आणि अडलेल्या बायकांना आण्णांनी तिच्यातूनच मिरजेच्या दवाखान्यात नेलेलं. पुढच्या चाकाशी मी आडवी झाले, रॉकेलच्या बोळ्यानं वर्षानुवर्षांचं ग्रीस पुसलं, तेव्हा नंबर उघडा झाला. त्यातला एक सात दोनदा ठोकला होता. पहिल्या घावाला कामगाराचा आकडा ठोकायचा पंच सरकला असावा, म्हणून त्यानं पुन्हा मारला असावा. साताच्या पाठीशी दुसरा सात पुसट दिसत होता.

"काय म्हनतुया?" आण्णा वाकून बघत होते.

"ही अक्षरं मालिकेची. डाव्या स्टिअरिंगचा एल नाही, म्हणजे पहिल्यापासून उजव्या स्टिअरिंगची. आणि हा आकडा मालिकेतला. ही कंपनी तेरा आकडा वापरतच नव्हती, अपशकुनी म्हणून. बारानंतर थेट चौदा."

आण्णा पोट धरून हसले. "एवढी मोठी गोरी मानसं आनि तेराला भ्यात्यात व्हय!"

निघताना मी त्यांना बजावलं की या मालिकेतल्या गाड्या मोजक्याच बनल्या आहेत, हिला जपा. ते म्हणाले, "जपतोय की. दुसरं काय करतोय?"

पुढं माझं लग्न होऊन मी आजऱ्याला गेले. काही वर्षांनी वडिलांना पक्षाघात झाला, तेव्हा दुकान सांभाळायला परत आले. आण्णांकडं सहज गेले तर शेड रिकामी. सोप्यात भिंतीवर स्टिअरिंगचं चाक टांगलेलं.

पुण्याहून एक माणूस आला होता म्हणे. गोड बोलणारा, आण्णांच्या पाया पडणारा. टॉर्च आणि आरसा घेऊन तो बराच वेळ गाडीखाली होता. बाहेर येऊन म्हणाला, गाडी साधीच आहे, पण मला छंद आहे, माझ्या गॅरेजमध्ये नवी कोरी करून देतो. आण्णांनी त्यानं दिलेल्या कागदावर सही केली. वर्षभरानं निरोप आला की चासी पार कुजली होती, गाडी भंगारात गेली, आठवण म्हणून हे चाक ठेवा.

"कुजायची कशी? मी स्वतः पुसलीय ती," मी म्हणाले.

"आता काय करनार? लोखंडच त्ये," आण्णा म्हणाले आणि मला बसायला सांगून सुनेला च्या टाकायला लावला.

दोन हजार सालानंतर आमच्याकडं कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. शनिवारी तपासणी, रविवारी गावातून फेरी. नंबर तपासायला संयोजकांनी मला बोलावलं होतं. दुपारपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग मरून रंगाच्या एका इंग्रजी गाडीखाली मी गेले, टॉर्च लावला, आणि समोर तो सात दिसला. पाठीशी दुसरा सात घेऊन.

मी बाहेर येऊन उठले. गाडीशेजारी पांढऱ्या सुटात तिचा पुण्याचा मालक लोकांना सांगत होता की ही काठेवाडातल्या एका दरबाराची गाडी.

"ही कुरुंदवाडची गाडी आहे," मी म्हणाले.

तो हसला. "ताई, काहीतरी गैरसमज होतोय. कागद पूर्ण आहेत माझ्याकडे."

"कागद तुम्ही केलेत. नंबर कारखान्यानं केलाय."

त्याचं हसू गेलं. मला तेव्हाच कळलं की यानं नंबर घासून का टाकला नाही. रंग बदलला, पाटी बदलली, नोंदणीचं राज्य बदललं, म्हाताऱ्याला भंगार म्हणून सांगितलं. पण नंबर घासला असता तर गाडी खरंच भंगार झाली असती. तिची किंमत त्या नंबरातच होती. चोरानं चोरीचा पुरावा तेल लावून जपला होता! आणि सीटपुढं गाडीचं मूळ चाक जागच्या जागी होतं. आण्णांच्या भिंतीवर त्यानं तसंच दिसणारं, दुसऱ्याच कुठल्या गाडीचं टांगायला दिलं होतं. त्या चाकाचा राग मला गाडीपेक्षा जास्त आला.

संयोजकांपैकी एक कारखानदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आज बाहेरगावचे पाव्हणे आलेत. सोमवारी बघू."

"सोमवारी गाडी पुण्यात असेल."

"मग तुम्ही काय करणार?"

संध्याकाळीच दुकानाची व्हॅन घेऊन कुरुंदवाडला गेले.

रविवारी सकाळी आण्णा मैदानावर आले. धुवट धोतर नेसले होते. गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर हात ठेवला, आणि कुणाला काही कळायच्या आत दार उघडून स्टिअरिंगवर बसले.

तो माणूस धावत आला. "आजोबा, उतरा. तुम्हीच सही केलीय."

"सही दुरुस्तीला केलती," आण्णा म्हणाले. "गायब करायला न्हाय."

"उतरा म्हणतो ना!"

"उतरायला मी काय लिफ्ट मागून बसलोय व्हय?"

बघ्यांची गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं, "बसू द्या की म्हाताऱ्याला! कोन हात लावतोय बघतो!" फेरी खोळंबली. पोलीस आले. मी त्यांना गाडीखाली वाकवून नंबर दाखवला, आणि आण्णांच्या मुलानं आणलेल्या जुन्या आरसी बुकातला नंबर त्याच्याशी जुळला. गाडी जप्त झाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली. खटला तारखांवर तारखा घेत राहिला. तो माणूस वकील घेऊन येई, आण्णा एस.टी.नं येत. पावसाळे गेले. आधी आरसे गेले, मग दिवे, मग कार्बोरेटर, मग चाकं. मी तक्रार करायला गेले तर हवालदार म्हणाला, "मॅडम, इथं काय वॉचमन ठेवलाय का?" जिथं पहारा असायचा तिथंच गाडी लुटली जात होती आणि विचारणारी मीच वेडी ठरत होते.

शेवटी कोर्टानं गाडी आण्णांच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. ती ट्रॉलीवर घालून आणावी लागली. शेडमध्ये विटांवर ठेवली. मी बघायला गेले तेव्हा आण्णा आत मागच्या सीटवर पाय पसरून बसले होते. सीटचा काथ्या बाहेर आला होता.

"आली न्हवं घरला? मग झालं तर," ते म्हणाले.

माझा संयम सुटला. "झालं कसं आण्णा? तो माणूस मोकळा फिरतोय! गाडीचं काय करून ठेवलंय बघा!"

"तुजा राग तुज्यापाशी ऱ्हाऊ दे आक्का. मला हितं बसून च्या पिऊ दे."

सुनेनं दोन कप आणले. मी बाहेर कडब्याच्या पेंढीवर बसले, ते आत. मला च्या गोड लागला नाही. ते मात्र फुर्र आवाज करत पीत होते, आणि तेवढ्यानं माझा राग आणखी वाढला, त्यांच्यावरही.

आण्णा पुढच्या हिवाळ्यात गेले. फसवणुकीच्या खटल्याचा निकाल लागलाच नाही. तो माणूस आता अशा मेळाव्यांत बक्षिसं ठरवायला बसतो.

मध्यंतरी त्याच संयोजकांचा फोन आला. "मॅडम, यंदा तपासणीला याल ना?"

"येते," मी म्हणाले. "पण प्रत्येक गाडीखाली जाणार. परीक्षकांच्या गाड्यांच्या सुद्धा. आणि जे दिसेल ते माईकवर सांगणार."

"कळवतो," ते म्हणाले.

त्यांनी कळवलं नाही.