कातरलेली पानं

फोरमननी छापखान्यातली नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती, पण इमारतीत त्यांना अजून सगळे फोरमनच म्हणत. त्यांचा स्वभावही तसाच राहिला होता. जिन्यात कोणाची पावलं वाजली, कोणी कठड्याला ओला हात लावला, कोणी दार आपटलं, सगळ्याची दखल ते घेत आणि ज्याच्या त्याला ऐकवत. माणसं त्यांना टाळत. त्याचं त्यांना काही वाटत नसे, उलट आपला वचक आहे असंच ते समजत.

त्यांचा जीव होता तो बेगोनियात. त्यांच्या दाराबाहेर जिन्याचा ऐसपैस टप्पा होता, त्याला मोठी खिडकी होती. त्या खिडकीखाली कुंड्यांची रांग. लाल, नारिंगी, मलईसारखा पांढरा. बोटांनी माती चाचपून पाणी घालायचं, वाळलेलं पान लगेच खुडायचं, कुंडी रोज थोडी फिरवायची. बायकोशी, म्हणजे काकूंशी, बोलताना जो मऊपणा त्यांच्या आवाजात कधी आला नाही, तो त्या झाडांशी बोलताना यायचा. काकूंनी हे कधीच ओळखलं होतं आणि सोडूनही दिलं होतं.

बरोबर वरच्या मजल्यावर टेलरताई राहायची. एकटी बाई, घरातच शिवणाचं मशीन. मशीन चाललं की फोरमनच्या छताला घरघर लागायची. त्यावरून दोघांची आधीच दोनतीनदा वाजली होती. शेवटी तिनं मशीनखाली जाड सतरंजी टाकली, पण टाकताना जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काही माणसांना दुसऱ्याच्या पोटाचा आवाज सहन होत नाही." फोरमननी ते मनात धरून ठेवलं होतं.

अशात एका सकाळी नारिंगी बेगोनियाच्या पानांना खाचा दिसल्या. मधे भोक नाही, जाळी नाही. फक्त कडेनं, अर्धगोल, एकाला लागून एक, नक्षीच्या कात्रीनं कापाव्यात तशा. दुसऱ्या दिवशी शेजारची कुंडी. मग तिच्या शेजारची. फोरमन पानं उलटीपालटी करून बघत. अळी नाही, लेंडी नाही, चिकटा नाही. रोपवाटिकेवाल्याकडून त्यांनी फवारा आणला आणि मारला. त्यानंतर कुंडीखालच्या बशीत कधी कधी एखादा काळा किडा पाय पोटाशी घेऊन पडलेला दिसे. तांदळातल्या सोंड्यासारखाच, पण चांगला मोठा. औषध लागू पडलं म्हणून फोरमन खूश होत आणि त्या मेलेल्या किड्यांना कुंच्यानं जिन्याच्या कोपऱ्यात लोटून देत.

पानं मात्र कातरली जातच राहिली. किडे तर मरताहेत, मग कापतंय कोण? कात्री कोणाच्या घरात आहे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

मग त्यांनी पाळत ठेवली. दिवेलागणीनंतर जिन्यातला दिवा बंद ठेवून ते दाराच्या फटीशी उभे राहिले. बराच वेळ काही हललं नाही. कंटाळून त्यांनी बटण दाबलं आणि उजेड पडताक्षणी टप, टप, टप असा बारीक आवाज झाला. कोणी चिमूटभर खडे टाकावेत तसा. फोरमननी झटकन वर पाहिलं. वरच्या कठड्याशी टेलरताई उभी होती, हातात कपड्यांची पिशवी. ती वरच्याच शेजाऱ्यांकडून कपडे घेऊन परतली होती आणि कुलूप उघडत होती. फोरमनना ते कुलूप दिसलं नाही. खाली फरशीवर काळे ठिपके पडले होते, पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ठिपक्यांकडे बघतो कोण!

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक कामाला निघायच्या वेळी, त्यांनी तिला जिन्यातच अडवलं. वरचे शेजारी, खालचा घड्याळवाला, त्याची सून, सगळे थांबले. काकू दारात होत्या. फोरमननी कातरलेलं पान तिच्या तोंडापुढे नाचवलं.

"ही तुझीच कात्री."

टेलरताईनं पान हातात घेतलं, बोटानं कड चाचपली आणि परत दिलं. "माझी कात्री असं फाडत नाही," ती म्हणाली. "आणि तुमची झाडं कापायला मला वेळ नाही. मला गिऱ्हाइकं आहेत."

तिथंच थांबायला हवं होतं. पण फोरमनचा तोल गेला होता. एकट्या बाईकडे गिऱ्हाइकं कसली येतात आणि कोणत्या वेळी येतात, हे सगळ्या जिन्याला माहीत आहे, असं ते बोलून गेले. टेलरताईचा चेहरा पांढरा पडला. तिनं पिशवी छातीशी धरली आणि माणसांमधून वाट काढत खाली निघून गेली. काकूंनी दार आतून लावून घेतलं, नवरा बाहेर असताना.

बोललेलं जिन्यात राहिलं नाही. घरमालकाच्या कानावर गेलं, त्यानं तिला मशीन हलवायला सांगितलं, मग खोलीच सोडायला. महिना संपायच्या आत तिनं गाशा गुंडाळला. जाताना फोरमनच्या टप्प्यावर ती थांबली, कुंड्यांकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाली, "वहिनी, तुमच्यासाठी मी यांना काही बोलले नाही." फोरमन आत पेपर वाचत बसले होते. त्यांना ते स्वच्छ ऐकू आलं.

त्या दिवसापासून काकूंचा अबोला सुरू झाला. जेवायला वाढलंय, पाणी आलंय, एवढंच.

वरची खोली रिकामी पडली आणि पानं आणखी जोरात कातरली जाऊ लागली. फोरमननी घड्याळवाल्याच्या सुनेवर संशय घेऊन पाहिला, पण तो त्यांचा त्यांनाच टिकवता येईना. मग लाल बेगोनिया मान टाकू लागला. पाणी घातलं तरी उठेना. एका दुपारी त्यांनी त्याला हलकेच सरळ करायला धरलं, तर अख्खं झाड हातात आलं. खाली मुळंच नव्हती.

त्यांनी कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली. मातीत पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या वळवळत होत्या, डोकं तांबूस, बाकी अंग भाताच्या शितासारखं. फोरमननी एकेक चिरडली. मातीतच एक काळा सोंडकिडाही सापडला, पाय पोटाशी घेतलेला, निपचित. हा आधीच मेलाय म्हणून त्यांनी तो कागदाच्या कडेला ठेवला आणि चष्मा आणायला आत गेले. परत आले तर किडा कागद ओलांडून शांतपणे शेजारच्या कुंडीकडे चालला होता. फोरमननी बोट लावलं. तो तिथल्या तिथे आडवा झाला, पाय घट्ट मिटून.

ते तसेच उकिडवे बसून राहिले. कुंच्यानं लोटलेले ते सगळे किडे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. कोपऱ्यात नेऊन सोडलेले, एकेक करून परत आलेले. ती टपटपही आठवली. उजेड पडताच पानांवरून स्वतःला खाली झोकून दिलेले हे. वरून कोणी काही टाकलंच नव्हतं.

काकू दारात उभ्या होत्या. कितीतरी दिवसांनी त्या आपणहून बोलल्या.

"आता ह्याच्यावर ओरडा."

रोपवाटिकेवाल्यानं किडा पाहून लगेच ओळखला. याला उडता येत नाही, पण भिंतीही चढतो, दिवसा मातीत दडतो आणि धोका दिसला की मेल्याचं सोंग घेतो. फवारा कशाला लागू पडणार, खरं नुकसान मातीत चाललेलं. फोरमननी घरी येऊन युद्ध पुकारलं. सगळी माती फेकली, कुंड्या उकळत्या पाण्यानं धुतल्या, किडा दिसला की चपलेनं ठेचला आणि ठेचूनही पुन्हा ठेचला. बहुतेक झाडं गेलीच. राग मात्र उरला, आणि तो कोणावर काढायचा हे त्यांना कळेना.

शेवटी एक किडा काचेच्या बाटलीत घालून ते टेलरताईच्या नव्या जागी गेले. एका दुकानामागची अंधारी खोली, दिवसाही दिवा लावलेला. दोन बायका माप द्यायला बसल्या होत्या. फोरमननी बाटली मशीनवर ठेवली आणि पानं हा खात होता, असं सांगितलं.

तिनं बाटली उजेडात धरली. "हा तर मेलाय."

"मेला नाही. थोडं थांब, चालेल."

सगळे थांबले. किडा काही हलला नाही. बसलेल्या बायकांपैकी एक गालात हसली. फोरमननी बाटली हलवली, टिचकी मारली, आणि जितकी टिचकी मारली तितका तो अधिकच मेला. त्यांच्या कानशिलांवर घाम आला.

टेलरताईनं बाटली त्यांच्या हातात परत दिली. "किडा दाखवायला आलात. तुम्ही मला कात्रीबद्दल बोलला होतात, ते मी केव्हाच सोडलं. दुसरं जे बोललात, ते कोणत्या किड्यानं बोलायला लावलं?"

चुकलं, असं फोरमन पुटपुटले.

"इथं नाही," ती म्हणाली. "जिन्यात बोललात ना? जिन्यात सांगा. मी काही ऐकायला येणार नाही."

आणि तिनं मशीन सुरू केलं.

फोरमननी पुढचे काही दिवस तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. एवढं चालत गेलो, एवढं ऐकून घेतलं, अजून हिला काय हवंय! पण एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी घड्याळवाल्याचं दार वाजवलं, त्याच्या सुनेला बोलावलं, वरच्यांनाही हाक मारली. आपण त्या बाईबद्दल जे बोललो ते खोटं होतं, आपल्याला काहीही माहीत नव्हतं, एवढं त्यांनी कठड्याकडे बघत सांगितलं. घड्याळवाल्याला हसू दाबता आलं नाही, तो आत गेला. बाकीचेही पांगले. एवढी माणसं जमवून आपला आपण पाणउतारा करून घेतला, आणि त्यातून हाती काय लागलं ते फोरमनना समजलं नाही.

टेलरताई परत आली नाही. काकू मात्र दुपारी तिच्याकडे जाऊन बसू लागल्या, काजं करायला, बटणं लावायला. फोरमन एकटेच जेवत.

वरच्या खोलीत नवीन जोडपं राहायला आलं तेव्हा त्यांनी दाराशी एक कुंडी ठेवली. फोरमन वर गेले आणि न विचारताच सांगू लागले की झाडाखाली पांढरं कापड अंथरायचं, मग फांदी झटकायची आणि जे पडेल ते मेलंय असं समजायचं नाही. त्या तरुण बाईनं अर्धं ऐकलं, कुंडी उचलून आत घेतली आणि दार लावलं.