मायची पाठ

कुणी फोटोत काही अघटित दिसल्याचा किस्सा सांगायला लागलं की मी आधी विचारायचो, कॅमेरा कोणता होता? फोटोत जे दिसतं त्यामागे काच, उजेड आणि केमिकल यापलीकडे काही नसतं, असं मानणारा मी माणूस. अजूनही तसाच आहे… एक फोटो सोडून.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. वर्ध्यात बाजाराच्या चौकात माझा लहानसा स्टुडिओ होता. तेव्हा मला एक नाद लागला होता. रोल पुढे न सरकवता एकाच फ्रेमवर चार-पाचदा फोटो घ्यायचा. लुना, रिक्षा, एसटी, माणसं एकमेकांत मिसळायची आणि आपलं एवढंसं वर्धा मोठ्या शहरासारखं धावताना दिसायचं.

त्या दिवशी चौकात हवं तसं तिरपं ऊन आलं होतं. मी निघणार, तेवढ्यात देवळीकडचा वसंता, माझा ओळखीचा शेतकरी, आईला घेऊन आला.

"भाऊ, मायचा एकबी फोटो नाई घरी. काढून ठेवा, मी खत घेऊन येतो."

म्हातारी स्टुलावर बसली. "थांब ना बापू, पदर त सारखा करू दे. काऊन एवढी घाई करून राह्यला?"

"छान दिसता आजी," म्हणालो आणि तिच्याकडे नीट न बघताच बटण दाबलं. नव्या रोलवरचा तो पहिलाच फोटो. चौकासाठी वेगळा रोल घालायचा म्हणून हा गुंडाळला, टोक बाहेर ठेवून टेबलावर काढला… आणि घाईत तोच परत कॅमेऱ्यात घातला.

काही दिवसांनी वसंता आला. डोक्यावर केस नव्हते.

"माय गेली, भाऊ. तेरवीले फोटो पाहिजे."

रोल धुतला तेव्हा चूक कळली. तिच्या फोटोवर अख्खा चौक चढला असणार! पण प्रिंटमध्ये चौकाच्या मधोमध ती स्टुलावर बसलेली. गाड्या, माणसं एकमेकांतून आरपार गेलेली. तिच्यावरून काहीच नाही. आणि ती पाठमोरी होती. मी फोटो समोरून काढला होता!

वसंतानं तो बराच वेळ पाहिला. "अंबाडा मायचाच. पण थे रस्त्यात काऊन बसली? अन् तोंड काऊन फिरवलं?"

"कॅमेरा बिघडला होता," मी म्हणालो.

"नाई भाऊ, रुसली असन. रुसली का अशीच बसे." तो थोडा हसला, फोटो छातीशी धरून गेला.

तेरवीला मी गेलो होतो. हार घातलेल्या त्या पाठीला लोक हात जोडत होते.

पुढे निगेटिव्ह दोन-तीन जाणकारांना दाखवली. कुणालाच काही सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

वसंता बाजाराला आला की अजून दुकानात डोकावतो. "त्या दिवशी माय आणखी काय बोलली होती, भाऊ?" ती थांब म्हणाली आणि मी थांबलो नाही, हे खरं त्याला सांगायचं असं दर वेळी ठरवतो… आणि दर वेळी काहीतरी नवं रचून सांगतो. तो मन लावून ऐकतो.