कुलरचं बटण

ऐन उन्हाळ्यात आमच्या सोनपेठच्या घरातल्या कुलरचं बटण निकामी झालं. आतलं भोक झिजल्यामुळे ते नुसतंच गरगर फिरायचं. नवीन मिळेना, म्हणून आम्ही पकडीने आतली दांडी फिरवून कुलर चालू करायचो. शेवटी मी मोबाइलवर एक युक्ती बघितली आणि सासूबाईंना सांगितली.

गळक्या नळाला लावतात ती पुट्टी आणली. सासूबाईंनी हाताला पिशव्या बांधून तिच्या दोन्ही वड्यांचा थोडा थोडा तुकडा घेऊन कणकेसारखा एकत्र मळला. मी प्लग काढला, पुट्टी चिकटू नये म्हणून कुलरच्या दांडीला खोबरेल तेल लावलं, बटणाच्या पोटात पुट्टी भरली आणि ते दांडीवर दाबून बसवलं.

"निघलंच न्हाई तर?" सासूबाईंनी विचारलं.

"मग जन्मभर तिथंच राहील."

पुट्टी कडक होईपर्यंत दुपारभर दोघी त्याच्याकडे बघत बसलो. मग मी श्वास रोखून ओढलं, आणि बटण टक्कन हातात आलं! आत दांडीच्या आकाराचं नवंकोरं भोक. परत बसवून, प्लग लावून फिरवलं, तर कुलर असा सुटला की सासूबाईंचा पदर उडून माझ्या तोंडावर आला.

"लय भारी झालं की गं!" म्हणत त्यांनी मला घट्ट मिठीच मारली. लग्नानंतरची ही पहिलीच.

मग आम्हाला चेवच चढला. बादलीचा कान, डब्याचं झाकण, काही सोडलं नाही. तेवढ्यात सासरे बाहेरून आले. सासूबाई उरलेली पुट्टी मळत म्हणाल्या, "अहो, तुमच्या कवळीला तडा गेलाय ना?"

सासऱ्यांनी तोंड गच्च मिटलं. आम्ही दोघी हसून हसून फरशीवरच बसलो.